सुभेदारांचं मेडिकल

परस्परविरोधी दोन शक्ती एकत्र आल्या की एकमेकींना संपवतात, हा निसर्गाचा अटळ नियम आहे. निदान कवठे महांकाळात, हळदीच्या मांडवामागं, ऋषिराजनं तो तसा सांगितला. रम माणसाला झोपवते, एनर्जी ड्रिंक जागं ठेवतं. दोन्ही एका ग्लासात ओतलं की माणूस होता तसाच राहतो.

रहिमतपूरहून भाचीच्या हळदीला आलेले त्याचे मामा, निवृत्त सुभेदार हंबीरराव, यांनी हे ऐकायलाच नको होतं. दुपारी चारला मिरजेत त्यांचं मेडिकल होतं. पास झाले तर एका बँकेत सिक्युरिटी सुपरवायझर. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती आणि आता त्यांच्या हुकमावर फक्त म्हैस उभी राहायची, तीही मनात असेल तर. ही नोकरी त्यांना हवीच होती. पण रम त्यांच्याच मिलिटरी कॅन्टीनच्या कोट्यातली, आणि स्वतःच्या कोट्याला नाही म्हणणं त्यांना बेशिस्त वाटलं.

एक ग्लास झाला. काहीच चढलं नाही. खात्रीसाठी दुसरा, मग तिसरा. चौथ्यानंतरही डोकं लख्ख, तेव्हा शास्त्रीय तपासणी ठरली. हंबीररावांनी मांडवासमोर परेड केली. सावधान, पीछे मूड, तेज चल. एक पाय चुकला नाही. जे चोवीस वर्षं झोपेतसुद्धा जमत होतं ते आत्ताही जमलं, याचं पाहुण्यांना फार कौतुक वाटलं.

अंजनाबाईंना तेवढं वाटलं नाही. "आवं, घाम किती फुटलाय. छाती धडधडतीया का?"

"हुरूप हाय त्यो," हंबीरराव बायकोला म्हणाले आणि एसटीत चढले.

मिरजेत डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळ बघितलं, पुन्हा धरलं. नाडी एकशे चौतीस. ईसीजीच्या कागदावर ठोके मधेच अडखळत होते. काय घेतलंय असं विचारल्यावर सुभेदारांनी प्रमाणासकट सांगून टाकलं.

"दारू कुठं गेलेली नाही, सुभेदार," डॉक्टर म्हणाले. "चढलीय हे कळायचं तेवढं थांबलं. म्हणून एकाचे चार झाले, आणि मार सगळा हृदयाला बसला."

"साहेब, मी शुद्धीत हाय. परेड झालीया माझी."

डॉक्टरांनी डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. हंबीररावांनी सावधानमध्ये उभं राहून लावलं. नाक डॉक्टरांचं होतं.

दोन दिवस त्यांना सलाइनवर ठेवलं. तिकडं लग्न उरकलं. नोकरी भाऊसो नावाच्या एका निवृत्त शिपायाला मिळाली. त्याची नाडी बहात्तर होती.