हौदाकडेचा मदनबाण

कळी होती. हिरवट, जोंधळ्याच्या दाण्याहून जरा मोठी, देठाशी घट्ट मिटलेली – तिच्या खाली आणखी एक, आणि पानांच्या बेचक्यात तिसरी, अजून नीट सुटीही न झालेली... शिवकांताच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. भांड्यात तिच्या आंघोळीच्या बादलीतलं मागं ठेवलेलं पाणी होतं आणि ते तिनं तगरीसाठी आणलं होतं. वाऱ्यानं फडकं उडून हौदाकडे गेलं म्हणून ती इकडे वळली, नाहीतर वळली नसती. या कोपऱ्याकडे बघायचंच नाही असं तिनं शिमग्याला ठरवलं होतं.

शिमग्याला तिनं बागेत उभं राहून निवड केली होती. दारचा मोगरा जगवायचा, तगर जगवायची, अबोलीचा एक वाफा जगवायचा. कण्हेर आपली आपण जगते, तिला कुणाच्या उपकाराची गरज नाही. आणि हौदाकडेचा मदनबाण... तो सोडायचा. माहेराहून, परळीहून, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून आणलेला मदनबाण तिनं स्वतःच्या तोंडानं सोडला होता, आणि मग किती दिवस त्या बाजूला पाठ करून भांडी घासली होती. पानं गळाली असतील, काड्या राहिल्या असतील, राहू देत. घरात माणशी एक बादली. विरुपाक्षनंच नेम घालून दिला होता – सोसायटीचा चेअरमन झाला म्हणून काय झालं, गावाला जे तेच आपल्याला, असं चारचौघांत बोलून. तिला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता. अभिमानाच्या भरात तिनं आपली बादलीही अर्धी केली. अर्ध्यात आंघोळ, अर्धी झाडांना. पाठीवर घामोळ्यांची चाळण झाली, केसांना जटा यायची वेळ आली, पण बाग जगली. आपल्या अंगावरचं काढून जगवली. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या तोडताना मनात म्हणत मात्र असे.

आणि आता वैशाखात, दगड तडकतील अशा उन्हात, ज्याला थेंब दिला नाही त्याला कळी?

ती खाली बसली. बोटानं माती उकरली. वरचा पापुद्रा तापलेला होता, आणि त्याच्या खाली – बोट आपोआप थांबलं. गार. गार आणि ओली. मुळाशी मुंग्यांनी काढलेली माती मोत्यांसारखी गोळ्यागोळ्यांची, आणि हौदाच्या भिंतीला खालच्या अंगाला हातभर काळपट ओल, ओलीला हिरवा बुरा.

गीताबाई रोज तांब्याभर पाणी आणून घालते, ते झिरपलं असेल का? पहिल्यांदा हेच मनात आलं, आणि ते यावं असं तिला फार वाटलंही. पण गीताबाई पाणी ओतते ते कुंपणाच्या त्या टोकाला, दारालगतच्या मोगऱ्याला. तांब्याभर पाणी असं कितीसं चालत येणार?

गीताबाई... त्या आठवणीनं तिचा जीव आजवर सुखावत असे. दोन कोसांवरून टँकर यायचा, गावच्या आडात पाणी सोडायचा आणि बाया पोहरे टाकून ते ओढायच्या. टँकर सोसायटीनं लावलेला, आणि सोसायटी म्हणजे विरुपाक्ष. एके दिवशी गीताबाईच्या पोहऱ्यात नुसता गाळ आला. पोहरा तिनं दगडावर उपडा केला आणि शिवकांताकडे बघून, सगळ्या बायांच्या देखत म्हणाली, "चेअरमनच्या बागंत फुलं हायती अन् आमच्या घागरीत गाळ हाय. पानी कुठं मुरतंय ते लेकरालाबी कळतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली होती शिवकांताच्या. अर्ध्या बादलीत आंघोळ करणारी बाई ती! तिनं पदराखालून गळ्यातली चांदीची डबी काढली, आतलं इष्टलिंग तळहातावर घेतलं – उघड्यावर, आडाच्या चिखलात उभं राहून, जे तिच्या आईनंही कधी केलं नसेल – आणि म्हणाली, "ह्या लिंगाची आण. टँकरचा एक थेंब माज्या घरात आला आसंल, तर हे हातात धरायची माजी लायकी न्हाई."

मग बाया गीताबाईवर तुटून पडल्या. लिंगाची आण घेतली बाईनं, आता तरी थोबाड आवर. गीताबाईनं पुढं येऊन तिचे पाय धरले. आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कुंपणापाशी आली तांब्या घेऊन. "राखंनं भांडी धुतलेलं पानी हाय, वैनी. झाडाला चालतंय. लई बोलले मी तुमाला." तेव्हापासून ती रोज येते. स्वतःच्या घागरीतला गाळ गाळून प्यायचा आणि भांड्यांचं पाणी चेअरमनच्या बागेला आणून घालायचं, हा दंड तिनं आपला आपणच लावून घेतला.

शिवकांता उठली. गुडघे वाजले. हौदावर फरश्या होत्या. मामंजींनी, शंकरप्पांनी, बागेसाठीच बांधलेला हा हौद; बोअर आटली तेव्हा कोरडा पडला आणि विरुपाक्षनं वर फरश्या घालून चुन्यानं सांधे भरून घेतले – कुणाचं ढोर-लेकरू पडायला नको म्हणून. एका फरशीला जुन्या पंपाच्या नळीचं भोक होतं, त्यात चिंधी कोंबलेली. चिंधी तिनं ओढली. भोकातून गार वास आला. तो वास ओळखायला काही शिकावं लागत नाही, वैशाखात तर नाहीच. तरीही तिनं खडा घेतला आणि आत सोडला, कारण नाकावर विश्वास ठेवायची तिची तयारी नव्हती.

डुबुक.

एवढंच. खडा लगेच वाजला, खोल गेलाच नाही. हौद तुडुंब होता.

सोमवार, तिच्या मनात आलं. दर सोमवारी मी टोपलीत फुलं घेऊन गावाबाहेरच्या महादेवाला जाते, आणि आत्याबाई म्हणतात, जा गं लवकर, देव खोळंबलाय. देव नव्हता खोळंबला. टँकर खोळंबला होता मागच्या बोळात, मी घराबाहेर पडायची वाट बघत. मी तिकडं पिंडीवर फुलं वाहतेय, डोळे मिटून पाऊस मागतेय, आणि इकडं माझ्याच घरच्या हौदात...

"काय गं, कशाचा आवाज?" ओसरीवरून सासू ओरडली. शांतादेवी दिवसभर बाजेवर पडून असत, पण कान कसे लख्ख.

"हौदात पानी हाय, आत्याबाई."

बाज करकरली. मग सासूबाई अगदी साध्या आवाजात, भाजीला मीठ पुरे म्हणावं तशा म्हणाल्या, "सोसायटीची निवडणूक झाली की दारात मांडव पडंल. वरची मानसं जेवाया येतील. तवा पाहुन्याच्या हातावर पानी घालायला नगं का?"

"अन् बाया गाळ पितेत ते?"

"त्या काय आजच पितेत व्हय? तुझ्या झाडाला कळी आली न्हवं? देवाला वाहा की. मुळाखाली कावून उकरतीस?"

तर म्हणजे कळीही ठाऊक होती! बाजेवरून दिसत होती म्हातारीला. आणि सून रोज अर्ध्या बादलीत अंग विसळते, घामोळी खाजवून रक्त काढते, तेही दिसत होतं. दोघं बघत होते. मायलेक बघत होते आणि गप होते. त्यांच्या चोरीवर पांघरूण घालायला तिची घामोळी कामाला येत होती – चेअरमनच्या बायकोचे केस बघा, याहून चांगली साक्ष कोणती? कुंपणच शेत खातं म्हणतात, पण इथं शेताला रोज कुंपणाचे गोडवे गायला लावले होते.

दुपारी विरुपाक्ष जेवायला आला. तिनं भाकरी वाढली, ठेचा वाढला, वरण वाढलं. हात धुताना त्यानं चूळभर पाण्यात दोन्ही हात भागवले, खाली सांडलेले दोन थेंब बघून च्‌च्‌ केलं. रोज करायचा. रोज तिला ते बघून बरं वाटायचं. आज तिला वाटलं ताट उचलून भिंतीवर मारावं, वरणाचे ओघळ उतरताना बघत बसावं... तिनं त्याच्यापुढं दुसरी भाकरी ठेवली.

"हौदात पानी हाय," ती म्हणाली.

त्याचा घास थांबला नाही. "हाय."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

आता त्यानं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लाज तर नव्हतीच. उलट जरा मायाच होती, आणि तिला तीच सर्वांत असह्य झाली.

"सांगितलं आसतं," तो म्हणाला, "तर तुला आण घेता आली आसती का?"

तिनं वरणाची पळी पातेल्यात परत ठेवली.

"तुला ठाऊक न्हवतं, म्हून तुजी आण खरी. महादेवाला कळतंय ते. तू डोक्याला तरास करून घिऊ नको." आणि त्यानं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला.

त्या संध्याकाळीही, आण घेतली त्या संध्याकाळी, तो असाच जेवला होता. तिनं हुंदके देत आडावरचं सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला होता, "बरं केलंस. आता कुनी तोंड उघडत न्हाई." तिनं त्याला नवऱ्याचा आधार समजलं होतं! पाठ थोपटली तेव्हा घामोळ्यांवर हात लागून झोंबलं, तरी तिला बरं वाटलं होतं. मूर्ख. मूर्ख बाई. गावातल्या सगळ्या बायांत एका गीताबाईला खरं बोलायची हिंमत झाली आणि मी, मी शिवकांता, देवाला हातात घेऊन तिचं तोंड बंद केलं. टँकर त्यानं चोरला. तोंड मी बंद केलं.

तो गेल्यावर ती पूजेच्या पाटावर बसली. सकाळची पूजा झाली होती. आता कशाला बसतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. डबी उघडली. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं – लहानपणापासून रोज घेतलेलं, हात आपसूक पुढं येतो – आणि आज हात आला नाही. हे हातात धरायची माजी लायकी न्हाई. हे शब्द कुणी तिला शिकवले नव्हते, तिचेच होते, रागात सुचलेले. ठाऊक नव्हतं म्हणून आण खरी, तो म्हणतो. असेल. वकिलाला पटेल. पण आण काय ठाऊक असण्याची घेतली होती? पाण्याची घेतली होती. आणि पाणी आत होतं, भिंतीपलीकडे, ती हे बोलत होती तेव्हाही. तिनं डबी तशीच मिटली आणि गळ्यात घातली. डबी नेहमीएवढीच होती, पण दोरा मानेला काचत राहिला.

रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. रागानं डोळे इतके कोरडे होतात हे तिला नवीनच होतं.

ऊन उतरलं. कुंपणापाशी बांगड्या वाजल्या.

"वैनी, हायती का?" गीताबाई. उन्हानं करपलेला चेहरा, डोक्यावर फाटका पदर, हातात तोच चेपका तांब्या. ती मोगऱ्याकडे वळली आणि मध्येच थबकली. तिची नजर कोपऱ्यात गेली होती. "अगं बया! मदनबानाला कळी?"

शिवकांतानं पदर डबीवर ओढून घेतला.

"ह्यो तर तुमी सोडला हुता ना? मीच म्हनले हुते, मेला म्हून." गीताबाईनं तांब्या खाली ठेवून दोन्ही हात जोडले, झाडाला की शिवकांताला ते समजेना. "बघा वैनी. लिंगाची आण खरी हुती तुमची. देवानं दाखवून दिलं. माजं कुजकं तोंड... खऱ्याच्या दारात मेलेलं झाड जगतंय."

आणि तेव्हा शिवकांताला आला तो राग दिवसभरातला सर्वांत मोठा होता, आणि तो चक्क गीताबाईवर होता. कशाला विश्वास ठेवलास? गाळ तुझ्या पोहऱ्यात होता, डोळे तुझे होते, मग एका बाईनं गळ्यातली डबी काढली म्हणून तू डोळ्यांवर हात का धरलास? बोलत राहायचं होतंस. माझ्या झिंज्या धरायच्या होत्यास. मला ओढत आणून या हौदावर उभी करायची होतीस... हे सगळं तिच्या घशापर्यंत आलं आणि तिथंच तटलं, कारण तोंड उघडलं की त्यातून विरुपाक्ष बाहेर पडणार होता, मांडव बाहेर पडणार होता, या घरातला तिचा उरलेला जन्म बाहेर पडणार होता. न बोललं तर काहीच होणार नव्हतं. कळी उद्या फुलणार होती, गीताबाई उद्या तांब्या घेऊन येणार होती, परवाही.

गीताबाईनं तांब्या उचलला. आज ती मोगऱ्याकडे गेली नाही. मदनबाणापाशी आली, वाकली. राखेनं करडं झालेलं पाणी तांब्याच्या काठापर्यंत आलं.

"गीताबाई," शिवकांता म्हणाली. आवाज तिचाच होता, पण ओळखू येईना. "त्याला पानी घालू नका."

तांब्या तिरपा होता तसाच हवेत राहिला.

"कावून?" गीताबाईनं विचारलं.

दिवसभर हे तिनं सासूला विचारलं, नवऱ्याला विचारलं, आणि दोघांजवळ उत्तर तयार होतं. आता विचारणारी समोर उभी होती, डोळ्यांत एवढासाही संशय नसलेली, आणि उत्तर फक्त शिवकांताजवळ होतं. छातीवर डबी होती. मागं ओसरीवर बाज करकरली. म्हातारी उठून बसली असावी, ऐकत असावी. ऐकू दे. सकाळपासून अंगात पेटलेलं जे होतं ते विझलं नव्हतं, पण इकडेतिकडे धावायचं थांबलं होतं. चुलीत बसल्यासारखं एका जागी बसलं होतं, आणि त्याच्या उजेडात तिला गीताबाईच्या मनगटावरच्या राखेच्या रेषा अगदी स्पष्ट दिसत होत्या.

"सांगते," ती म्हणाली, आणि तांब्याला खालून हात लावला.