खुंटीवरचा रेग्युलेटर

मी एक जुना रेग्युलेटर आहे. मित्रांनो, रेग्युलेटर म्हटल्यावर तुम्ही भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलंत ना? तो मी नव्हे. पाठीवर हवेची टाकी बांधून जो माणूस पाण्याखाली जातो, त्याच्या तोंडात असतो तो मी. टाकीतली हवा बेताबेतानं माणसाला द्यायची आणि त्यानं सोडलेला श्वास पातळ रबरी झडपेतून बाहेर घालवायचा, एवढंच माझं काम. टाकी चांगली ढेरपोटी आणि पिवळीधमक, त्यामुळे येणारा-जाणारा तिलाच टिचकी मारून पाहतो. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण ती नुसती हवा पोटात धरून बसते. माणसापर्यंत ती पोचवतो मी, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी पहिली वर्षं मुंबई बंदरात गेली. माझा मालक धर्मपाल तिथं जहाजांच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचा. आई-वडील थकले तेव्हा तो बायको नलूला घेऊन गावी परतला आणि मलाही सोबत घेऊन आला. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीच्या बाजूचं. शिवाराला लागूनच कोळसा काढून सोडून दिलेली एक खदान होती. तिच्यात काठोकाठ काळंशार पाणी. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की गाव तिच्यावर पंप लावून गुरांना पाणी आणी. पाइपाच्या टोकाची जाळी गाळानं बुजली की धर्मपाल मला तोंडात धरून खाली जाई. तो वर येईपर्यंत शेजारचे किसनराव काठावर बसून त्याच्या कमरेचा दोर धरत.

किसनराव माणूस सरळ. दोर धरला की विडीसुद्धा पेटवत नसत. पण मला उचलायची वेळ आली की ते मला नळीला धरून उचलत, तोंडाच्या रबराला बोट लागू देत नसत. "उष्टं हाय नं ते," असं म्हणत. धर्मपाल हसून सोडून देई. नलू हसत नसे. नुसत्या उष्ट्याची ती गोष्ट नव्हती, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं आणि वाईट वाटत होतं.

नलू माझी फार निगा राखी. खदानीतून आलो की मला स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवी. धुताना माझ्या तोंडावरचं बटण दाबलं तर पाणी नळीत शिरतं, हे तिनं एकदा ऐकलं आणि कायमचं लक्षात ठेवलं. मग सावलीत वाळवून मला कोठीतल्या खुंटीवर टांगे. धर्मपालचाही एक नेम होता. पाण्यात उतरण्याआधी तो हवा बंद ठेवून मला तोंडात धरी आणि श्वास ओढून पाही. काहीच आत आलं नाही तर मी शाबूत. जराशी जरी हवा आली, तर खाली गेल्यावर तिथून पाणी येणार.

मग ती कापसाची वाईट वर्षं आली. भाव पडला, आणि आज चढेल, उद्या चढेल म्हणत लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला. माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस. एक दिवस किसनराव दारात येऊन उभे राहिले.

"धर्मपाल, घरात पाय ठेवाले जागा नाही राह्यली. तुयी कोठी मोकळी हाय नं?"

"टाका नं, भाऊ. कोठी काय मी डोक्यावर घेऊन फिरतो?"

कोठी माझ्या खुंटीपर्यंत भरली. दिवाळी गेली, होळी गेली, कापूस हलला नाही. हवेत सारखे बारीक तंतू तरंगत. घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. नलू म्हणाली, "याले दुसरीकडं टांगा नं." धर्मपाल म्हणाला, "टांगतो उद्या." तो उद्या काही आला नाही, आणि मी तसाच कापसात नाक खुपसून लटकत राहिलो.

मे महिन्यात एका सकाळी पाइपाची जाळी पुन्हा बुजली. धर्मपाल पांढरकवड्याला गेला होता. गोठ्यात गुरं हंबरत होती. किसनरावांचा धाकटा भाऊ घनश्याम पट्टीचा पोहणारा. धर्मपालची वाट पाहण्यापेक्षा आपणच जाळी मोकळी करू, असं म्हणून त्यानं बुडी मारली. तो वर आलाच नाही.

दुपारी धर्मपाल एसटीतून उतरला तो स्टँडवरच त्याला हे कळलं. तो धावत घरी आला, मला खुंटीवरून ओढलं, टाकी खांद्यावर टाकली आणि तसाच खदानीवर पळाला. आपला नेम तो त्या दिवशी विसरला.

काठावर घनश्यामची आई वच्छलाबाई बसली होती. "त्याले आण रे बापा," ती म्हणाली. "मायं लेकरू वर येयेपर्यंत मी पाणी नाही पेणार."

आम्ही उतरलो. खाली उजेड संपतो तिथंच माझ्या झडपेतून पाणी आत येऊ लागलं. धर्मपालनं फुंकून ते घालवलं, ते पुन्हा आलं. त्याला ठसका लागला, श्वासाऐवजी घोट आला. मित्रांनो, ज्याच्यासाठी आपण जगायचं त्यालाच आपण बुडवतो आहोत, हे मला तिथं कळत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. त्यानं दोराला हिसके दिले आणि किसनरावांनी जिवाच्या आकांतानं त्याला वर ओढलं.

काठावर त्यानं माझी झडप नखानं उचलली. तिच्याखाली कापसाचा एक तंतू अडकला होता, पिळून वातीसारखा झालेला. किसनराव शेजारीच वाकून पाहत होते. धर्मपालनं मूठ मिटली.

"काय व्हतं?"

"चिखल अडकलता, भाऊ."

या वेळी त्यानं मला तोंडात धरून ओढून पाहिलं आणि तो पुन्हा उतरला. घनश्याम पाइपाजवळच होता. त्याचा पाय जुन्या नायलॉनच्या दोरीत गुंतला होता. धर्मपालनं ती कापली, त्याला कवेत घेतलं आणि हळूहळू वर आणलं. वच्छलाबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवला. मग नलूनं पुढं केलेला गडवा घेतला आणि ती पाणी प्यायली.

तेरवी झाल्यावर किसनराव बैलगाडी घेऊन आले. भाव तिथंच होता, तरी त्यांनी कोठीतला सगळा कापूस गाडीत भरला. शेवटची पाटी उचलताना ते थांबले.

"त्या खदानीतला चिखल पांढरा नसते, धर्मपाल."

धर्मपालनं पाटीला दुसऱ्या बाजूनं हात घातला.

"खरं सांग. मायाच कापसापायी येळ गेला काय? नाहीतर वाचला असता काय तो?"

"नाही, भाऊ. मी एसटीतून उतरलो त्याच्या आधीच सारं सरलतं. अन् चूक कापसाची नाही. तोंडात धरून पाहाचं व्हतं, ते मी नाही पाह्यलं."

किसनरावांनी पाटी खाली ठेवली आणि ते खुंटीपाशी आले. मग म्हणाले, "कसं पाह्यतेत, मले दाखव."

धर्मपालनं मला काढलं आणि रबर पुसायला खांद्यावरचा टॉवेल ओढला. किसनरावांनी त्याचा हात धरला. मला तसंच घेतलं, तोंडात धरलं आणि ओढलं. डोळे भरून आले तरी ते ओढत राहिले. आत काहीच आलं नाही.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

आता मी म्हातारा झालो आहे. माझं रबर कडक झालं आहे. नलूनं शिवलेल्या पिशवीत मी खुंटीवर असतो. मित्रांनो, ज्या वस्तूवर कुणाचा जीव टांगलेला आहे, तिला धुवा, झाका, आणि कितीही घाई असली तरी एकदा तपासून पाहा. आमच्या खदानीवर ते काम अजून किसनराव करतात. धर्मपाल उतरण्याआधी ते मला तोंडात धरून ओढून पाहतात आणि न पुसता त्याच्या हातात देतात.