राजांच्या पोटातले भाडेकरू

आधी काचेवर टकटक करणं बंद करा, मग सांगतो. मी एक म्हातारा मासा आहे. दातांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून जी लांबलचक टाकी आहे, तिच्यात मी राहतो. मित्रांनो, तुमच्यासारख्यांची काचेला चिकटून चपटी झालेली नाकं बघण्यात माझा जन्म गेला. ते दृश्य काही फारसं सुंदर नसतं.

माझ्या जातीला एंजल म्हणतात. अंग पत्त्यासारखं चपटं, त्यावर उभे काळे पट्टे, वर आणि खाली लांब पर. एका गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात माझा जन्म झाला. आमची निम्मी अंडी आमच्या आईवडिलांनीच खाऊन टाकली, यावरून आमच्या घराण्यातल्या मायेची कल्पना करा. हौदाचा मालक आम्हाला चिखलातल्या लाल, वळवळणाऱ्या अळ्या घालायचा. आम्ही हावऱ्यासारखे तुटून पडायचो. अळ्यांबरोबर आणखी कोण कोण पोटात जातं आहे, हे विचारायची अक्कल ना त्याला होती ना आम्हाला.

पुढे एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून मी दुकानात आलो आणि दुसऱ्या पिशवीतून या दवाखान्यात. इथे मात्र माझे दिवस पालटले. टाकीत माझ्याहून देखणं कोणी नव्हतं. लहान लाल माशांचा एक थवा होता, पण त्यांना सगळ्यांना मिळून एक मेंदू होता. तळाशी दोन मिशाळ मासे दिवसभर वाळू उपसत बसायचे. डॉक्टर आलेल्या प्रत्येकाला सांगायचे, "हे आमचे राजे." दाढ दुखणारी माणसं गाल धरून माझ्याकडे बघायची आणि क्षणभर कण्हायचं विसरायची. मी त्यांच्याकडे पाठ फिरवायचो. राजाने आणखी काय करायचं असतं?

दवाखान्यात डॉक्टरांची थोरली बहीण बसायची. कोणाला कधी आत पाठवायचं, हे तीच ठरवायची. सगळे तिला ताई म्हणत. डॉक्टरांचे केस पिकले होते, तरी ती त्यांना भर रोग्यांसमोर 'छोटू' म्हणून हाक मारायची. तिचं आणि माझं कधीच पटलं नाही. "हा मासा माझ्याकडे असा बघतो, जशी काही मी याची मोलकरीण आहे," असं ती म्हणायची. तिचं निरीक्षण बरोबर होतं.

मग मी वाळायला लागलो.

सुरुवातीला मलाही कळलं नाही. खाणं पडलं की सगळ्यांत आधी मीच पुढे व्हायचो. दाणा तोंडात घ्यायचो, चघळायचो आणि थुंकून टाकायचो. पुन्हा घ्यायचो, पुन्हा थुंकायचो. भूक असायची, पण पोट म्हणायचं नको. जे थोडं गिळलं जायचं तेही अंगी लागत नव्हतं. माझ्या पोटात भाडेकरू शिरले होते. केसासारखे बारीक जंत. मी खायचो आणि ते जेवायचे. माझ्या मागे पांढरा, पातळ दोरा लोंबायला लागला. शी म्हणून तोंडं वाकडी करू नका. तुमच्यातलं शहाणपण तेवढंच असेल, तर पुढची गोष्ट ऐकूच नका.

आता माणसांचं शहाणपण बघा. कोणी म्हणालं, याला एकटेपणा आला आहे. एका बाईंनी पर्समधलं बिस्कीट चुरून पाण्यात टाकलं. डॉक्टरांनी खाणं दुप्पट केलं. ते लाल थव्याने खाल्लं, उरलेलं तळाशी कुजलं आणि पाण्याला वास मारू लागला. टाकी साफ करायला एक माणूस यायचा, त्याला सगळे टाकीवाला म्हणत. त्याने खिशातून एक बाटली काढली, "सगळ्या रोगांवर चालतं" असं म्हणून निळे थेंब सोडले आणि निघून गेला. पाणी निळं झालं, मिशाळ मासे निळे झाले. माझे भाडेकरू मात्र मजेत होते.

डॉक्टरांचा मला सगळ्यात जास्त तिटकारा आला. आतल्या खोलीतून त्यांचा आवाज यायचा, "दुखेपर्यंत थांबलात ना? आधी यायला काय झालं होतं?" असं म्हणत ते लोकांना फैलावर घ्यायचे. आणि रोज माझ्यासमोरून जाताना म्हणायचे, "काय राजे, मजेत?" मी चपटा. बाजूने बघितलं की अंगावरचे पट्टे दिसायचे, पर दिसायचे, चित्रातल्यासारखा मासा दिसायचा. डॉक्टर नेहमी बाजूनेच बघायचे.

ताईचं टेबल मात्र टाकीच्या अरुंद टोकाशी होतं. तिला मी समोरून दिसायचो. एक दिवस तिने आतून डॉक्टरांना बोलावलं.

"छोटू, माझ्या खुर्चीत बस."

"ताई, आत रोगी तोंड उघडून बसलाय."

"बसू दे. इथून बघ याच्याकडे."

डॉक्टर बसले. मी नेमका त्यांच्याकडे तोंड करून होतो. खरं सांगायचं तर वळायची ताकदच नव्हती. माझं कपाळ आत गेलं होतं, पोटाला खळगा पडला होता आणि अंग सुरीच्या पात्यासारखं झालं होतं.

"अरे बापरे," डॉक्टर म्हणाले.

"आणि हल्ली हा माझ्याकडे पाठ फिरवत नाही. मला ते अजिबात आवडलेलं नाही," ताई म्हणाली.

त्याच दिवशी टाकीवाला आला होता. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात झटकले. "डॉक्टरसाहेब, हा माल आता संपला. काढून टाकू. पुढच्या खेपेला याच्या दुप्पट मोठा आणतो."

डॉक्टरांनी मान डोलावली. इतकी वर्षं मी ज्यांच्या रोग्यांचं कण्हणं थांबवलं, त्यांनी मान डोलावली! "ताई, अगं, लोक येतात, बघतात. दवाखान्यात असा मरतुकडा मासा बरा नाही दिसत. लोकांना काय वाटेल?"

"लोकांना वाटेल की आजारी पडलं की इथे फेकून देतात," ताई म्हणाली. "आणि तसं वाटलं तर बरोबरच वाटेल."

ती उठली, मागच्या कोठीतून एक मोठा पारदर्शक डबा घेऊन आली, टाकीचंच पाणी त्यात भरलं आणि मला जाळीने उचललं. नवशिकी होती. दोनदा मला काचेवर आपटलं. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. मागच्या कोठीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, एका स्टुलावर, उघड्या डब्यात राजे! खाली वाळू नाही, झाडं नाहीत, लपायला काही नाही. पण उघड्या तळाचा एक फायदा असतो. माझ्यातून जे बाहेर पडेल ते स्पष्ट दिसत होतं. ताई नाकावर चष्मा सरकवून त्याचीच वाट बघत बसायची. शेवटी तिने तो पांढरा दोरा एका चिमुकल्या बाटलीत पकडला, रिक्षात बसली आणि प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेली.

परत आली ती बोलतच आली. "आधी हसल्या मला. म्हणाल्या, माझ्याकडे कुत्री येतात, माशाची शी घेऊन येणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि हसायच्या थांबल्या. अंडी आहेत छोटू, जंतांची अंडी! जंत आतड्यात आहेत, म्हणून नुसतं पाण्यात टाकून भागणार नाही, औषध पोटात जायला हवं. आणि पहिल्या औषधाने जंत मरतील, पण अंडी राहतात. त्यांतून पिल्लं निघाली की पुन्हा द्यायचं."

"तो खातच नाही, तर पोटात जाणार कसं?" डॉक्टर म्हणाले.

"तो खाईल. त्याचा बापही खाईल."

मी पहिले काही दिवस तिला चांगलंच रडवलं. औषधात भिजवलेलं खाणं ती चिमट्याने माझ्या तोंडापुढे धरायची आणि मी थुंकायचो. कडू होतं ते. ती मला शिव्या द्यायची, पाणी बदलायची, पुन्हा चिमटा धरायची. तुकडे बारीक करून बघितले, आणखी बारीक करून बघितले. अखेर एक तुकडा माझ्या घशाखाली गेला. ताई एकटीच मोठ्याने "गेला!" म्हणून ओरडली. बाहेरच्या रोग्यांना वाटलं, आत कोणीतरी दगावलं.

ते जवळजवळ खरंच ठरलं होतं. औषध सुरू झाल्यावर मी आणखी खचलो. एका सकाळी ताईने डब्यात डोकावलं, तेव्हा मी तळाशी आडवा पडलो होतो. कल्ले हलत होते, तेवढंच. तिने पाण्यात बोट घालून मला हलवलं. मी हललो नाही. तिने चिमटा खाली ठेवला, आणि मित्रांनो, ताईने चिमटा खाली ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "ताई, नको आता त्याचे हाल करूस."

"मी हाल करतेय का रे?" तिचा आवाज बारीक झाला होता. "माझ्या हट्टापायी करतेय का?"

डॉक्टर स्टुलापाशी गुडघ्यावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपणहून मला समोरून बघितलं. मग त्यांनी हात पाण्यात घातला आणि चटकन वर बघितलं. डब्याच्या बरोबर वर एसीचं तोंड होतं.

"ताई, हे पाणी किती गार आहे! टाकीत हीटर आहे, इथे आहे का?"

"नाही."

"अगं, मग कसा जगेल तो? रोग्याला थंडीत कुडकुडत ठेवतात का कोणी?"

कपाटात पडलेला छोटा हीटर त्यांनी स्वतः शोधून लावला. पाणी हळूहळू गरम व्हावं म्हणून ते तिथेच बसून राहिले. बाहेर एक गृहस्थ सुजलेला गाल धरून ताटकळत होते. त्यांना ताईने सांगितलं, "थांबा जरा. डॉक्टर पेशंट बघतायत."

मी उठलो. मग दुसऱ्यांदा औषध झालं, तेही मी गिळलं. पांढरा दोरा गेला आणि त्याच्या जागी माशाला शोभेल असं दिसू लागलं. पोटाचा खळगा सावकाश भरला. कपाळ पुरतं कधीच भरलं नाही, तिथे अजून थोडं चेपलेलं दिसतं. मी बाहेर होतो तेव्हा मोठ्या टाकीतल्या सगळ्यांना डॉक्टरबाईंनी औषध द्यायला लावलं, कारण भाडेकरू एका घरावर थांबत नाहीत. मला परत सोडलं, तेव्हा लाल थव्याने मला ओळखलंही नाही. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, राजे, तुम्हाला कृतज्ञता वाटली असेल. तो शब्द तुमच्या निबंधांसाठी ठेवा. तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. मासे पाळायची हौस असेल तर नुसते रंग बघू नका. खाल्लेलं पोटात जातं की बाहेर येतं ते बघा. बाकीचे मासे एखाद्याला खाऊ देतात की नाही ते बघा. मागे काय लोंबतं ते बघा, आणि नवा मासा आणला तर काही आठवडे वेगळा ठेवा. घाण वाटत असेल तर चित्रातला मासा आणून भिंतीवर लावा. तो वाळत नाही.

टाकीवाल्याने ठरल्याप्रमाणे माझ्या दुप्पट मोठा मासा आणला होता. ताईने त्या माशाला टाकीच्या जवळही फिरकू दिलं नाही. आज तो पारदर्शक डबा बाहेरच्या खोलीत, तिच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्यात हीटर आहे. नवा मासा गोंधळून एका कोपऱ्यात उभा आहे. दाढ दुखणारी माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारून हसतायत, कारण एक पिकल्या केसांची बाई चष्मा नाकावर ओढून, फोन वाजतोय तो वाजू देऊन, एक मासा शी कधी करतो याची वाट बघते आहे.

मी इथून सगळं बघतो आहे. या खोलीत आजवर मी प्रत्येकाला हसलो आहे. तिला नाही.