अप्पांचा खटका

लॅपटॉप आणखी पातळ हवा, असं साहेबांनी सांगितलं आणि विषय संपल्यासारखी खुर्ची मागे सारली. जाडी किती असावी हे विक्रीवाल्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तेवढ्या जाडीत एक तर खोल दाबला जाणारा, बोटांना सुखाचा कीबोर्ड बसला असता, नाहीतर खटका सरकवून बाहेरून काढता येणारी बॅटरी. दोन्ही नाही. काय ठेवायचं ते बाईंनी ठरवावं.

बाई म्हणजे लॅपटॉपच्या सांगाड्याचं काम बघणारी इंजिनियर. पन्नाशीला टेकली होती आणि ऑफिसात सगळे तिला बाईच म्हणत. हा लॅपटॉप दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी होता, आणि त्यांना सगळंच हवं होतं. वजनाला हलका, पण पडला तरी फुटू नये. वेगवान, पण तापू नये आणि पंखाही वाजू नये. त्या मागण्या वाचून ती आंबून गेली होती.

घरी आली तेव्हा तिची थोरली बहीण, ताई, गरम पाण्यात मनगटं बुडवून बसली होती. ताई भाषांतरं करायची. तिचा सगळा दिवस टायपिंगमध्ये जाई. टॉवेल दे, एवढंच म्हणाली.

सकाळी बाईने साहेबांना कीबोर्ड ठेवायचा असं सांगितलं. मग ती अप्पांकडे गेली. बॅटरीचं काम अप्पांचं. अंगठ्याने सहज सरकणारा, पण बॅगेत आपोआप कधी न उघडणारा खटका त्यांनी बसवला होता, आणि त्यात वर्षं घातली होती.

"अप्पा, खटका गेला."

"कुठे गेला?" असं म्हणता म्हणताच त्यांना कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बॅटरी म्हातारी होतेच, बाई. बदलता आली तर मशीन जगतं. चिकटवून टाकलीत तर मशीनही तिच्याबरोबर गेलं."

"माहीत आहे. पण कीबोर्ड वाईट असला की माणूस रोज भोगतो."

"ताईंचे हात बघून ठरवलंत?"

खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "असेलही. माझं मलाच सांगता येत नाही."

अप्पांनी मान हलवली आणि चष्मा परत चढवला. तो आठवडा त्यांनी डबा दुसऱ्या टेबलावर खाल्ला. बाईनेही समजूत घालायला जायचं टाळलं. कशाची घालणार?

मग एका दुपारी तेच येऊन तिच्या टेबलापाशी उभे राहिले.

"चिकटवू नका. आतून स्क्रू लावू. दुकानातल्या माणसाला तरी उघडता येईल."

"स्क्रूलाही जागा लागते, अप्पा."

"बॅटरी थोडी लहान करतो."

ती बघत राहिली. बॅटरीचा एक कोपरा कमी करायचा म्हटलं तरी हा माणूस हमरीतुमरीवर यायचा.

"चार्जिंग कमी टिकेल. लोक बोंबलतील."

"बोंबलू देत. दगडापेक्षा वीट मऊ."

साहेबांनी विचारलं, बाहेरून काही दिसणार आहे का? नाही म्हटल्यावर लगेच होकार दिला.

लॅपटॉप बाजारात आला. परीक्षणांत कीबोर्डचं कौतुक होतं, बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार होती, आणि शेवटी, मशीन जरा जाडच आहे. अप्पांनी ते बाईला सपाट आवाजात वाचून दाखवलं. स्क्रूंबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. दोघांनी डबे उघडले आणि जेवायला सुरुवात केली.

ताईने नवा लॅपटॉप चार दिवस वापरून पाहिला.

"बटणं छान आहेत गं," ती म्हणाली. "हात कमी दुखतात. पण आता चार्जर रोज बरोबर न्यायचा का मी?"

"हो, न्यायचा," बाई म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली.