तिने पारा झटकला

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेची बारीक नळी आणि पोटात पारा, एवढाच माझा संसार. या घरात मुलगी जन्मली त्या आठवड्यात मला औषधाच्या दुकानातून आणलं. तिचे दातांचे, गोवराचे, सर्दीचे सगळे ताप मी मोजले. “हा कधी चुकत नाही,” असं तिची आई म्हणायची. मुलगी मोठी झाली आणि मी बटणांच्या डब्यात पडलो.

आई शिवणकाम करायची. तिला स्तनाचा कॅन्सर निघाला, तेव्हा मला पुन्हा बाहेर काढलं. दर एकवीस दिवसांनी हाताच्या शिरेतून औषध चढायचं. असे सहा फेरे ठरले. पहिले चार दिवस ती उलट्यांनी पिळून निघे. तोंड सोलवटे, पाण्यालाही लोखंडाची चव येई. पहिल्या फेऱ्यातच सतराव्या दिवशी केस उशीवर राहिले. तिसऱ्या आठवड्यात जरा उभारी येई, ती मशीनवर बसे, की पुढचा फेरा दारात.

नर्सने बजावलं होतं, “सातव्या ते चौदाव्या दिवसात जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. शंभरच्या पुढे दोन रेघा पारा गेला, तर गोळी घेऊन झोपायचं नाही. लगेच निघून यायचं.”

चौथ्या फेऱ्याचा दहावा दिवस. मुलीला परगावी पहिली नोकरी लागली होती, बाप तिला सोडायला निघाला होता. आईने मला जिभेखाली धरलं. एकशे एक. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मनगटाला झटका देऊन पारा खाली उतरवला.

“किती आहे गं?” बापाने बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं.

“नव्व्याण्णवसुद्धा नाही. निघा तुम्ही, गाडी चुकेल.”

“नक्की ना? नाहीतर मी थांबतो.”

“पोरीचा पहिला दिवस आहे. माझं काय, रोजचंच.”

ते गेल्यावर तिने तापाची गोळी घेतली आणि पडून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण डबा घेऊन आली, तेव्हा ती हुडहुडीने थरथरत होती आणि बोलणं असंबद्ध झालं होतं. दवाखान्यात नेलं. जंतू रक्तात भिनले होते. पाच दिवसांनी ती गेली.

डॉक्टरांनी बापाला विचारलं, “ताप कधी चढला?”

“मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मी विचारलं होतं.”

मित्रांनो, मला खोटं सांगता येत नाही, पण मला झटकणारा हातही मला धरता येत नाही. आजारी माणूस घरच्यांची अडचण होऊ नये म्हणून खोटं बोलतं, आणि आपण बुटाच्या नाड्या बांधत ते खरं मानतो. तुमच्या घरात कोणी ही औषधं घेत असेल, तर नुसतं विचारू नका. जवळ बसा, मला हातात घ्या आणि आकडा स्वतः वाचा.