द्राक्षांवरचे ठिगळ

मित्रांनो, मी कापडावर रंगवलेला, भिंतीवर टांगायचा एक जुना तक्ता आहे. माझ्या माथ्यावर 'सकस आहार' असे लिहिले आहे. त्यातला पहिला 'स' पुसट झाल्यामुळे घाईत वाचणारे 'कस आहार' असेच वाचतात.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला घडवले. त्याने दुधाचा पेला काढला, सफरचंदे काढली, मासा काढला आणि मधोमध द्राक्षांचा एक घोस काढला. प्रत्येक मण्यावर त्याने पांढरा ठिपका दिला तेव्हा शेजारचा चांभार म्हणाला, "झाकून ठेव रे बाबा, माशा बसतील!" ते ऐकून मी अगदी हुरळून गेलो.

वस्तीतल्या दवाखान्यामागच्या खोलीत दर बुधवारी आयांचा आहारवर्ग भरे. शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या जणी ताई म्हणत. ताई मनापासून शिकवत, पण भराभर. लाकडी पट्टी माझ्या अंगावर टेकवून त्या म्हणत, "रोज एक फळ, दोन पेले दूध." आया माना डोलावत. मला वाटे, माझ्याकडे नुसते पाहूनच मुले बाळसे धरत असतील.

त्या आयांमध्ये एक इस्त्रीवाली होती. तिची दीड वर्षांची मुलगी इतकी लहानखुरी, की सगळे तिला पिटुकली म्हणत. तिचे वजन चार महिने जागचे हलले नव्हते. महिनाभरात फरक पडला नाही, तर मोठ्या रुग्णालयात ठेवावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते.

एका बुधवारी ताईंची पट्टी द्राक्षांवर आली आणि इस्त्रीवाली म्हणाली, "ताई, हा तक्ता घरी न्यायला द्याल का? पिटुकलीला द्राक्षं दाखवत दाखवत भात भरवीन म्हणते."

सगळ्या जणी हसल्या. ताईंचा चेहरा पडला. "थट्टा कसली करता? लेकरं तुमचीच आहेत ना?"

इस्त्रीवालीने मुलीला कडेवर घेतले आणि ती निघून गेली. पुढच्या बुधवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. वजनाच्या वहीत पिटुकलीची ओळ कोरीच राहिली. ताई त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसल्या. मग मला गुंडाळून काखोटीला मारले आणि निघाल्या तिच्या घरी.

घर एका खोलीचे. अर्धी खोली इस्त्रीच्या टेबलाने अडवली होती आणि उरलेल्या जागेत लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. इस्त्रीवालीचा हात थांबला नाही. "या. त्या चादरींवर तेवढं बसू नका, परक्याच्या आहेत."

ताईंनी सवयीने माझी सुरळी सोडायला घेतली, मला टांगण्यासाठी चारही भिंतींवर नजर फिरवली आणि काय वाटले कोण जाणे, मला परत गुंडाळून जमिनीवर बसल्या. कोपऱ्यात इस्त्रीवालीच्या सासूबाई पिटुकलीला भरवत होत्या. पळीने पातेल्यातले डाळीचे वरवरचे निवळ पाणी काढायचे आणि भातावर घालायचे.

"आजी, पातेल्यात खाली घट्ट डाळ आहे ना?" ताईंनी विचारले.

"ती हिला." सासूबाईंनी सुनेकडे बोट दाखवले. "दिवसभर उभी असते बिचारी. आणि लेकराला घट्ट पचत नाही हो, बाधतं."

"आणि तुम्हाला?"

"मला काय, मी दिवसभर बसूनच असते," असे म्हणून त्यांनी विषय बदलला.

ताईंनी स्वतःच पळी बुडापर्यंत घातली, घट्ट डाळ काढली, भातात कुस्करली आणि वर चमचाभर तेल सोडले. "पोट एवढंसं असतं आजी, त्यात पाणी भरलं तर अन्नाला जागा कुठली राहणार? चारच घास द्या, पण दिवसातून पाच वेळा द्या. आणि डाळ मूठभर जास्त टाका, म्हणजे तिघींना पुरेल."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली. "म्हणजे इतके दिवस आम्हीच चुकत होतो?"

"चुकत मी होते," ताई म्हणाल्या. "तुमच्या घरात काय शिजतं ते न विचारताच मी द्राक्षं सांगत बसले."

मी सुरळीत होतो म्हणून बरे, मित्रांनो. तोंड लपवायला मला दुसरी जागा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी मला पेंटरकडे नेले. द्राक्षे झाकायची म्हटल्यावर तो हळहळला. मग एका कापडाच्या तुकड्यावर त्याने बुडाशी टेकलेली पळी आणि घट्ट डाळीची वाटी काढली आणि तो तुकडा माझ्या छातीवर शिवला. सुई टोचली, पण त्याहून माझा अभिमान जास्त दुखावला.

पिटुकलीची गाडी लगेच रुळावर आली असे नाही. आठवड्याभरात तिला जुलाब झाले. सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं, घट्ट बाधतं!" इस्त्रीवाली रडकुंडीला आली, पण मुलीला घेऊन ताईंकडे धावली. दोष डाळीचा नव्हता, न उकळलेल्या पाण्याचा होता. डॉक्टरांनी औषध दिले, पाणी उकळायला सांगितले आणि खाणे बंद न करण्याची ताकीद दिली. तीन दिवसांत जुलाब थांबले. महिना भरला तेव्हा काट्यावर पिटुकली चक्क पाव किलोने वाढली होती. रुग्णालयात ठेवण्याची गरज उरली नाही. सासूबाईंनी काटा बिघडला नाही ना, म्हणून दोनदा वजन करायला लावले.

पुढे ताई निवृत्त झाल्या. वर्गाला चकचकीत छापील तक्ता मिळाला आणि मी कपाटात गेलो. माझ्या कडा आता कसरीने खाल्ल्या आहेत. दाराच्या फटीतून मला वर्ग दिसतो. आता तिथे ताईंच्या हाताखाली तयार झालेली इस्त्रीवाली शिकवते. नवी आई आली की ती आधी तिच्याजवळ बसते आणि विचारते, "आज घरी काय शिजवलंत?"

मित्रांनो, कधी मला बाहेर काढलेत, तर जरा ऊन दाखवा, एवढेच मागणे. पण कुणाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला जाल, तेव्हा आधी त्याची विचारपूस करा. आणि उत्तर मिळेपर्यंत धीर धरा. लाजलेल्या माणसाला बोलायला थोडा वेळ लागतो.