देव न्हाणीत असताना

शेतदेव आणि त्यांची बायको हिवाळ्यात आमच्याकडे मुक्कामाला असतात. भाताच्या कुसळांनी दोघांचेही डोळे गेलेत. घरधन्यानं त्यांना शेतातून सांभाळून आणायचं, न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं आणि बियाण्याच्या पोत्यावर बसवायचं. हिवाळा सरताना त्यांची निरोपाची आंघोळ होईपर्यंत त्या पोत्याला कुणी हात लावत नाही. आमच्या नोतो मुलखात नाही, आणि माझ्या घरात तर नाहीच नाही.

त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. थंडीनं भाताच्या लोंब्या पोकळ राहिल्या, गावभर मुळ्याचा पाला शिजू लागला. मागायला जायचा माझा स्वभाव नाही, आणि गेले असते तरी देणार कोण? माझ्या सुनेला, किसाला, दूध येईना. नातू रडायचा. मग रडायचाही थांबला.

मुलाला, तोकुमात्सुला, म्हटलं, पोतं सोड, पेजेपुरतं काढ. तो म्हणाला, वर देव बसलेत, आणि बी खाल्लं तर पुढच्या वर्षी सगळेच मरू. पुढच्या वर्षी मरायला पोर तोवर जगायला नको का, असं मी सुनावलं. तो छपरावरचं बर्फ ओढायला निघून गेला. बापाच्या वळणावर गेलाय. अडचण आली की छपरावर.

मग मी न्हाणी तापवली. हे काम बाईचं नव्हे, ठाऊक आहे मला. पोत्यापुढे गुडघे टेकून म्हटलं, थंडी फार आहे, आंघोळ करून घ्या. उंबरा आला, आता डावीकडे वळा, असं सांगत दोघांना नेलं, दार लोटलं, आणि आल्या पावली पोतं सोडलं.

भात सालासकट होतं, कांडावं लागणार होतं. देव आंधळे आहेत, बहिरे नाहीत, हे मुसळाचा पहिला घाव पडल्यावर ध्यानात आलं. तरी हात थांबेना.

तोकुमात्सु दारात येऊन उभा राहिला.

"कुठे आहेत ते?"

"न्हाणीत. काय बोलायचं ते मला नंतर बोल."

"आई, त्यांना ऐकू जातंय."

"मग पोतं बांध, आणि पोरासाठी खड्डा खण."

त्यानं किसाकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पोराकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. त्यानं पायातले गवताचे जोडे काढले, केसांवरून ओला हात फिरवला आणि न्हाणीच्या दाराशी बसला. देवांशी आवाज चढवायची रीत नाही. त्यानं चढवला.

"पाणी बरं आहे ना? लाकूड घालू आणखी? सावकाश होऊ द्या, जेवणाला अजून वेळ आहे."

मग ताटात काय काय आहे ते सांगू लागला. लाल घेवड्याचा भात, भाजलेला मासा, तांदळाची गोड दारू, साके. घरात यातलं काही नव्हतं. मुसळ पडेल तसा त्याचा आवाज वर जायचा.

पेज झाली. बोटानं पोराच्या ओठांत सोडली. ती ओघळली. पुन्हा सोडली, पुन्हा ओघळली. तिसऱ्यांदा गळा हलला.

न्हाणीच्या चुलाण्यातलं लाकूड संपत आलं होतं. तोकुमात्सुचा घसा बसला होता, तरी पदार्थ संपले की तो पुन्हा भातापासून सुरू करत होता. त्याला थांब म्हणायला हवं होतं.

मी पोत्यात हात घालून आणखी एक ओंजळ काढली.